पावसाआधीचा रस्ता

(गावाला जोडणारा रस्ता एकदा बांधला की काम संपत नाही. दरवर्षी त्याची देखभाल करावी लागते. ही देखभाल कोण करते, कधी करते आणि तिचा ठेका कसा दिला जातो, हे या पाठात गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्याच्या आधारे सांगितले आहे.)



महाराष्ट्राचा नकाशा समोर घ्या. अगदी पूर्वेला, छत्तीसगडच्या सीमेला लागून गडचिरोली जिल्हा दिसेल. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा तयार झाला. त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाने व्यापलेला आहे. गडचिरोली शहरातून पूर्वेकडे एक रस्ता निघतो. चातगाव, धानोरा, मुरूमगाव ही गावे घेत तो छत्तीसगडातील मानपूरकडे जातो. आज तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ९३० म्हणून ओळखला जातो. या मोठ्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी लहान रस्ते येऊन मिळतात. झाडाच्या खोडाला फांद्या असाव्यात तसे हे रस्ते जंगलातील वाड्यापाड्यांकडे जातात. काहींवर डांबर आहे, काहींवर खडी आहे, काहींवर नुसता मुरूम आहे आणि काही अजूनही मातीचेच आहेत.

अशा रस्त्यावर गावाचे काय काय अवलंबून असते, याचा विचार करा. रेशनचे धान्य याच रस्त्याने येते. शाळेत शिक्षक याच रस्त्याने येतात. आठवीनंतर पुढे शिकणारी मुले याच रस्त्याने धानोऱ्याला जातात. आजारी माणसाला धानोऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात न्यायचे असो किंवा डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेच्या चातगावजवळील शोधग्राम येथील रुग्णालयात न्यायचे असो, वाट हीच. पावसाळ्यात ज्या गावांचा संपर्क तुटतो, त्या गावांसाठी शासन धान्य आधीच पोचवून ठेवते. दुर्गम गावांतील गरोदर स्त्रियांना बाळंतपणाची तारीख जवळ येण्यापूर्वीच आरोग्य केंद्राजवळच्या ‘माहेरघरा’त येऊन राहण्याची सोय केलेली असते. हे सगळे कशासाठी? ऐन गरजेच्या वेळी रस्ता चालू असेल याची खात्री नसते म्हणून.

मग रस्ता खराब कोण करते? तुम्ही म्हणाल, ‘जड गाड्या’. ते खरे आहे, पण पूर्ण खरे नाही. रस्त्याचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे साचलेले पाणी. जॉन लाउडन मॅकॅडम (१७५६ ते १८३६) या स्कॉटलंडच्या रस्तेबांधणी तज्ज्ञाने एक साधी गोष्ट ओळखली होती. रस्त्याखालची माती कोरडी राहिली तर तीच गाड्यांचे वजन पेलते. ती ओली झाली की वरचा दगडाचा थर कितीही चांगला असला तरी तो खचतो. म्हणून त्याने फोडलेल्या खडीचे थर दाबून पाणी आत जाऊ न देणारे रस्ते बांधले. आपल्याकडे ज्याला ‘खडीकरण’ म्हणतात, ती पद्धत त्याच्याच विचारातून आलेली आहे.

आता एक चांगला ग्रामीण रस्ता डोळ्यांसमोर आणा. तो मध्यभागी थोडा उंच आणि दोन्ही कडांना थोडा उतरता असतो. त्यामुळे पावसाचे पाणी त्यावर थांबत नाही. डांबराच्या दोन्ही बाजूंना मुरमाची पट्टी असते. तिला साइडपट्टी म्हणतात. तिच्या पलीकडे नाली असते. नालीतील पाणी ओढ्याला जाऊन मिळते. जिथे पाण्याला रस्ता ओलांडायचा असतो, तिथे रस्त्याखाली मोरी असते. ओढा मोठा असेल तर पूल असतो, नाहीतर रपटा असतो. रपटा म्हणजे पूर आला की ज्यावरून पाणी वाहते असा ठेंगणा पूल.

या साखळीतली एक कडी तुटली तरी रस्ता तुटतो. समजा, मोरीच्या तोंडाशी पालापाचोळा आणि गाळ अडकला. जंगलात पानगळ भरपूर असते, त्यामुळे असे वारंवार होते. कधी कधी शेजारच्या धानाच्या बांधीत पाणी राहावे म्हणून कोणी मोरीचे तोंड मातीने बुजवते. मग पाणी रस्त्याच्या अंगाला तुंबते. खालची माती भिजते. वरून एक ट्रॅक्टर जातो आणि डांबराला तडा पडतो. तड्यातून पाणी आत शिरते. आठ दिवसांत खड्डा होतो. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा तुम्ही ऐकली असेल. शेतासाठी ती योग्यच आहे. रस्त्यासाठी मात्र नियम उलटा आहे: पाणी अडवू नका, पाणी जिरवू नका, पाण्याला वाट द्या.

आता दुसरा प्रश्न पाहू. रस्ता दुरुस्त करायचा कोणी? याचे उत्तर रस्ता कोणत्या प्रकारचा आहे, त्यावर ठरते. १९४३ साली नागपूर येथे देशभरातील मुख्य अभियंत्यांची परिषद भरली होती. तिने भारतातील रस्त्यांची वीस वर्षांची पहिली योजना आखली आणि रस्त्यांचे पाच प्रकार ठरवले. आज महाराष्ट्रात आपण त्यांना राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग म्हणतो. राष्ट्रीय महामार्गाची जबाबदारी केंद्र शासनाची असते. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग साधारणपणे राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ पासून सुरू झाल्या, तेव्हापासून गावाकडच्या रस्त्यांचे काम त्या पाहतात.

रस्ता कोणाचा हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. किलोमीटरचा दगड पाहा. त्याचा माथा पिवळा असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग. हिरवा असेल तर राज्य महामार्ग. नारिंगी असेल तर तो ग्रामीण रस्ता, बहुधा प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतील. ही योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. तिच्यात एक चांगली अट आहे. जो ठेकेदार रस्ता बांधतो, त्यानेच पुढची पाच वर्षे त्याची देखभाल करायची असते. त्यामुळे आज निकृष्ट काम करून उद्या हात झटकता येत नाहीत.

आता कामाची वेळ पाहू. दुरुस्तीचे नियोजन करणाऱ्याला दोन दिनदर्शिका सांभाळाव्या लागतात. एक दिनदर्शिका पावसाची आणि दुसरी पैशाची. पाऊस जूनच्या मध्याला विदर्भात पोचतो आणि सप्टेंबरअखेरपर्यंत राहतो. सरकारी हिशोबाचे वर्ष मात्र १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपते. म्हणजे नवे वर्ष सुरू झाल्यावर पाऊस यायला जेमतेम अडीच महिने उरतात. या अडीच महिन्यांत रस्ता पाहायचा, खर्च ठरवायचा, मंजुरी घ्यायची, ठेका द्यायचा आणि काम पूर्ण करायचे, हे जमणार नाही. एप्रिलमध्ये विचार सुरू करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. म्हणून शहाणा अभियंता पाऊस थांबताच, ऑक्टोबरमध्येच पुढच्या पावसाळ्याची तयारी सुरू करतो. त्या वेळी रस्त्याचे दुखणे ताजे असते. पाणी कुठे साचले होते, कोणती मोरी लहान पडली, कोणती कड वाहून गेली, हे सगळे डोळ्यांना दिसते.

धानोऱ्यासारख्या तालुक्यात तिसरी दिनदर्शिकाही लागते. ती जंगलाची आणि शेतीची. जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी असते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कापणी आणि मळणी असते. मार्च-एप्रिलमध्ये लोक मोहफुले वेचतात. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडतात. या दिवसांत गावातील माणसे रस्त्याच्या कामावर येतील अशी आशा करू नये, कारण तेंदूपत्त्याच्या थोड्या दिवसांत कुटुंबाच्या हाती रोख पैसा येतो. ज्याने हे लक्षात न घेता ‘मे महिन्यात काम पूर्ण करावे’ असे लिहिले, त्याचे काम कागदावरच राहते. म्हणून नाल्या आणि मोऱ्या साफ करण्याचे काम धानाची मळणी संपल्यावर आणि मोहाच्या आधी सुरू केलेले बरे. शेवटची सफाई तेवढी पावसाच्या तोंडावर करावी.

साधारणपणे वर्षाचे काम असे वाटून घेता येते:

ऑक्टोबर-नोव्हेंबर: रस्त्याची पाहणी आणि मोठे खड्डे बुजवणे.
डिसेंबर ते मार्च: मंजुरी, निविदा, डांबरीकरण आणि मोऱ्यांची दुरुस्ती.
एप्रिल ते जूनचा पहिला आठवडा: साइडपट्ट्या भरणे, नाल्या उकरणे, झुडपे तोडणे, मोऱ्यांची तोंडे मोकळी करणे.
जून ते सप्टेंबर: देखरेख. पडलेली झाडे हटवणे, वाहून गेलेल्या ठिकाणी मुरूम आणि दगड टाकणे, रपट्यावर धोक्याची सूचना लावणे.

पाऊस चालू असताना डांबराचे काम करत नाहीत. ओल्या खड्ड्याला डांबर धरत नाही. आज भरलेला खड्डा उद्या उखडतो आणि पैसा पाण्यात जातो.

पाहणी झाली की अंदाजपत्रक तयार होते. अंदाजपत्रक म्हणजे कामाचा आणि खर्चाचा आधी मांडलेला हिशोब. तो कसा करतात, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, पाच किलोमीटरच्या एका रस्त्यावर ६०० मीटर लांबीची साइडपट्टी वाहून गेली आहे. पट्टीची रुंदी १ मीटर आहे आणि तिच्यावर १० सेंटिमीटर जाडीचा मुरमाचा थर टाकायचा आहे. आता गुणाकार करा:

६०० × १ × ०.१० = ६० घनमीटर मुरूम.

एका ट्रकमध्ये ५ घनमीटर मुरूम मावत असेल तर १२ फेऱ्या होतील. पण थांबा. मुरूम टाकून पाणी मारले आणि वरून रोलर फिरवला की तो खाली बसतो. म्हणजे ६० घनमीटरचा पक्का थर हवा असेल तर सैल मुरूम त्याहून जास्त लागेल. मोजमाप सैल ढिगाचे करायचे की दाबलेल्या थराचे, हे आधीच लिहून ठेवावे लागते. एवढे एक वाक्य लिहायचे राहिले तर पुढे भांडण होते. प्रत्येक कामाचा दर किती, हे शासनाच्या दरसूचीत दिलेले असते. मुरूम कोठून आणायचा हेही ठरवावे लागते. त्यासाठी महसूल खात्याची परवानगी लागते आणि सरकारला स्वामित्वधन द्यावे लागते. जंगलातून मनाला येईल तिथून मुरूम खोदता येत नाही.

अंदाजपत्रकाला दोन मान्यता लागतात. पहिली प्रशासकीय मान्यता. ‘हे काम गरजेचे आहे, याला इतका पैसा देता येईल’ असा तिचा अर्थ. दुसरी तांत्रिक मान्यता. ‘हे काम या पद्धतीने केले तर ते टिकेल’ असा तिचा अर्थ. दोन्ही मिळाल्या की निविदा सूचना निघते. निविदा म्हणजे ‘मी हे काम इतक्या पैशांत करून देतो’ असे ठेकेदाराने लेखी सांगणे. पूर्वी निविदा बंद लिफाफ्यात देत असत. एका लिफाफ्यात ठेकेदाराची पात्रता आणि अनामत रकमेचा पुरावा असे, तर दुसऱ्यात त्याचा दर. पहिला लिफाफा तपासून झाल्यावरच दुसरा उघडत. आता मोठ्या कामांच्या निविदा संगणकावरून भरतात, पण लिफाफा हा शब्द तसाच राहिला आहे. काही कामे मजूर सहकारी संस्थांना आणि सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना देण्यासाठी राखून ठेवलेली असतात.

समजा, आपल्या कामाचे अंदाजपत्रक २,००,००० रुपयांचे आहे. पहिला ठेकेदार ८ टक्के कमी दराने, म्हणजे १,८४,००० रुपयांत काम करायला तयार आहे. दुसरा ३ टक्के जास्त, म्हणजे २,०६,००० रुपये मागतो. तिसरा ३५ टक्के कमी दर भरतो, म्हणजे १,३०,००० रुपयांत काम करीन म्हणतो. काम कोणाला द्यावे? नियमाप्रमाणे सर्वांत कमी दराचा विचार आधी होतो. पण इतक्या कमी दरात मुरूम, वाहतूक, रोलर आणि मजुरी यांचा खर्च कसा भागणार? एक तर तो थर पातळ करील, नाही तर काम अर्धे टाकून जाईल. म्हणून फार कमी दर भरणाऱ्याकडून खुलासा मागतात आणि जादा अनामतही घेतात. स्वस्त काम नेहमीच फायद्याचे असते असे नाही.

गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात याच्या उलट अडचणही येते. कधी कधी निविदा भरायला कोणी पुढेच येत नाही. गावे दूर असतात, यंत्रे नेण्याचा खर्च मोठा असतो आणि काम छोटे असते. त्यात हिंसाचाराची भीती होती. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात दादापूर येथे माओवाद्यांनी रस्त्याच्या कामावरील वाहने जाळली. त्याच दिवशी जांभूळखेड्याजवळ झालेल्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या वाहनाचा चालक मरण पावले. अशा भागात चार-पाच लहान रस्त्यांची देखभाल एकत्र करून एकच ठेका देणे सोयीचे पडते. एकदा नेलेला रोलर मग पाचही रस्त्यांच्या कामी येतो.

ठेकेदार ठरला की त्याला कार्यारंभ आदेश मिळतो. त्यात कामाची मुदत लिहिलेली असते. मुदतीत काम झाले नाही तर दंड होतो. काम चालू असताना शाखा अभियंता मोजमाप करून ते मोजमाप पुस्तकात लिहितो. त्याच्यावरून देयक तयार होते. देयकाच्या रकमेतून काही भाग सुरक्षा ठेव म्हणून मागे ठेवतात. ठरावीक काळात काम उखडले तर ठेकेदाराने ते स्वखर्चाने दुरुस्त करायचे असते. तोवर ही ठेव त्याला परत मिळत नाही.

खड्डा बुजवण्याचीही रीत आहे. आधी खड्ड्याच्या कडा सरळ उभ्या कापतात. आतली माती आणि सुटी खडी झाडून काढतात. तळाला आणि कडांना डांबराचा हात देतात. मग खडी आणि डांबराचे मिश्रण थर देऊन भरतात आणि दाबून बसवतात. नुसती खडी टाकून वरून डांबर ओतले तर तो खड्डा भरला असे म्हणता येत नाही, तो फक्त झाकला असे म्हणावे लागेल.

या सर्व कामात एक माणूस फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. त्याला मैलकुली किंवा मैल कामगार म्हणतात. पूर्वी रस्त्याचे ठरावीक मैल अशा कामगारांना नेमून दिलेले असत. मैलाची जागा किलोमीटरने घेतली, तरी नाव राहिले. हातात फावडे आणि घमेले घेऊन ते नाली उकरत, खड्ड्यात मुरूम टाकत, झुडपे तोडत. त्यांच्यावर मुकादम असे. आता त्यांची संख्या कमी झाली आहे. तुम्ही इतिहासात शेरशाह सूरीने सोळाव्या शतकात बांधलेल्या सडकेविषयी आणि सरायांविषयी वाचले आहे. रस्ता बांधणाऱ्याचे नाव इतिहासात राहते. रस्ता राखणाऱ्याचे नाव कुठेच लिहिलेले नसते. पण त्याने जून महिन्यात वेळेवर उपसलेल्या एका मोरीमुळे ऑगस्टमध्ये रुग्णवाहिका गावापर्यंत पोचते.

आता शेवटचा आणि तुमच्या कामाचा प्रश्न. हे सगळे कागद सरकारी कचेरीत असतात. मग गावकऱ्यांनी काय करायचे? गावकऱ्यांनी वाचायचे. कामाच्या ठिकाणी फलक लावलेला असतो. तो असा असू शकतो. (हा नमुना पाठासाठी तयार केला आहे.)

कामाचे नाव: मुख्य रस्ता ते गाव, कि.मी. ० ते ५, साइडपट्टी भरणे व मोऱ्या साफ करणे
अंदाजपत्रकीय किंमत: रु. २,००,०००
काम सुरू करण्याची तारीख: २ फेब्रुवारी
काम पूर्ण करण्याची मुदत: तीन महिने
दोषदायित्व कालावधी: एक वर्ष

ज्याला हा फलक वाचता येतो, तो प्रश्न विचारू शकतो. मोऱ्या साफ करणे फलकावर आहे, मग तिसऱ्या किलोमीटरची मोरी तशीच कशी? थर १० सेंटिमीटरचा सांगितला, मग फूटपट्टीला पाचच का दिसतो? मुदत मे महिन्यात संपते, मग मुरूम अजून का आला नाही? असे प्रश्न ग्रामसभेत विचारता येतात. धानोऱ्याजवळ मेंढा (लेखा) नावाचे छोटे गाव आहे. तिथली ग्रामसभा सर्वांच्या संमतीने निर्णय घेण्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे. २००९ साली या गावाला जंगलावरील सामूहिक हक्क मिळाला. आज गडचिरोली जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा तेंदूपत्ता आणि बांबू विकण्यासाठी स्वतः निविदा मागवतात. दर, अनामत, मुदत हे शब्द तिथल्या माणसांना पाठ आहेत. ज्याने स्वतःची निविदा काढली, त्याला दुसऱ्याची निविदा तपासणे अवघड जात नाही.

ग्रामसभेत उत्तर मिळाले नाही तर माहितीचा अधिकार आहे. हा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला. त्यानुसार नागरिकाला अंदाजपत्रकाची नक्कल मागता येते, मोजमाप पुस्तक पाहता येते, प्रत्यक्ष कामाची पाहणी करता येते आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुनाही मागता येतो. अर्जाला साधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

मित्रांनो, आपली मातृभाषा उर्दू आहे. सरकारी कचेरीची मराठी आपल्याला कठीण वाटते. पण नीट पाहा. रस्ता, दुरुस्ती, मुदत, मंजुरी, मजूर, हजेरी, लिफाफा, नक्कल, जिल्हा, तालुका हे शब्द तुम्ही घरी ऐकलेलेच आहेत. ‘अमानत’ मराठीत ‘अनामत’ झाली आणि ‘मुकद्दम’चा ‘मुकादम’ झाला. ‘कंत्राट’ पोर्तुगीजांकडून आला, ‘निविदा’ संस्कृतातून आली. निम्मे शब्द ओळखीचे आहेत. उरलेले निम्मे शिकले की कोणत्याही रस्त्यावरचा कोणताही फलक तुम्हाला वाचता येईल. तुमच्या वडिलांना आणि शेजाऱ्यांनाही तो वाचून दाखवता येईल. यंदा पाऊस येण्यापूर्वी आपल्या शाळेच्या रस्त्यावरची मोरी एकदा वाकून पाहा. पलीकडचा उजेड दिसतो का? दिसत नसेल तर अर्ज लिहिण्याची वेळ झाली आहे.

शब्दार्थ

देखभाल – निगरानी
दुरुस्ती – मरम्मत
वैरी – दुश्मन
दुर्गम – जहाँ पहुँचना मुश्किल हो
नाली – पानी की निकासी का रास्ता
मोरी – सडक के नीचे से पानी गुजरने की जगह
रोवणी – धान के पौधे लगाना
पाहणी – मुआइना
अंदाजपत्रक – खर्च का तखमीना
मान्यता – मंजूरी
ठेव – अमानत, जमा रकम
देयक – बिल
निकृष्ट – घटिया
स्वामित्वधन – सरकारी हक की रकम
फलक – तख्ती, बोर्ड

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) गडचिरोली जिल्हा केव्हा तयार झाला?
(आ) रस्त्याचा सर्वांत मोठा वैरी कोणता?
(इ) रपटा म्हणजे काय?
(ई) ग्रामीण मार्गांची देखभाल कोण करते?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) दुरुस्तीचे नियोजन ऑक्टोबरमध्ये सुरू करावे लागते, कारण...
(आ) मे महिन्यात धानोरा तालुक्यात रस्त्यासाठी मजूर मिळणे कठीण जाते, कारण...
(इ) फार कमी दर भरणाऱ्या ठेकेदाराकडून जादा अनामत घेतात, कारण...

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मोरी बुजली तर रस्ता कसा तुटतो?
(आ) ‘रस्ता राखणाऱ्याचे नाव कुठेच लिहिलेले नसते.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

प्र. ४. हिशोब करा.
४०० मीटर लांब, १.५ मीटर रुंद साइडपट्टीवर १० सेंटिमीटर जाडीचा मुरमाचा पक्का थर हवा आहे. थराचे घनमाप किती होईल?

भाषाभ्यास
(१) उर्दूत दोन लिंगे आहेत, मराठीत तीन आहेत. उर्दूत ‘पानी’ पुल्लिंगी आहे, मराठीत ‘पाणी’ नपुंसकलिंगी आहे: ते पाणी वाहते. पुढील शब्दांमागे तो, ती किंवा ते लावा: रस्ता, मोरी, डांबर, मुरूम, नाली, काम, खडी, खड्डा.
(२) विभक्तीचा प्रत्यय लागताना शब्दाचे रूप बदलते: रस्ता – रस्त्यावर, धानोरा – धानोऱ्याला. याप्रमाणे ‘खड्डा’, ‘रपटा’, ‘ठेका’ या शब्दांना ‘-त’ किंवा ‘-वर’ लावून वाक्ये बनवा.

उपक्रम
तुमच्या शाळेकडे येणाऱ्या रस्त्यावरून शिक्षकांसोबत एक किलोमीटर चाला. खड्डे, बुजलेल्या नाल्या आणि मोऱ्या मोजा. त्यांची यादी करून संबंधित कार्यालयाला पाठवायच्या अर्जाचा मसुदा मराठीत लिहा. सूचना: पाणी वाहत असलेल्या रपट्यावर कधीही उतरू नका.